मदत हवी आहे: २००० वॅटचा गीझर पाणी उशिरा तापवतो, एलिमेंट बदलावं का?

पारिजात:
१५ लिटरचा गीझर आहे. पाटीवर २००० वॅट, २३० व्होल्ट. पूर्वी वीस-बावीस मिनिटांत दिवा जायचा, आता अर्धा तास लागतो. वायरमन म्हणतात, एलिमेंट कमजोर झालंय. त्यांच्याकडून गीझरच्या टर्मिनलवर मोजून घेतलं: बंद असताना २१४ व्होल्ट, चालू असताना १९९ व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारं मीटर) ७.५ अँपिअर. बोर्डापासून गीझरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर साधारण १५ मीटर. यावरून रोध आणि वॅट कसे काढायचे? एलिमेंट खरंच गेलंय का?

तांबेतार:
एलिमेंटला हात लावू नका, ते ठणठणीत आहे.

रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर: १९९ ÷ ७.५ = २६.५ ओहम. आता पाटीवरून काढा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. दोन्ही जुळले. एलिमेंटमधली नायक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार थंड असो वा तापलेली, तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून ही तुलना इथे चालते. (साध्या पिवळ्या बल्बला हा हिशोब लावू नका. १०० वॅटच्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध ५२९ ओहम, पण थंड असताना मल्टिमीटर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो.)

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर: १९९ × ७.५ = १४९२. व्होल्टेज साडेतेरा टक्के पडलं की वॅट पाव हिश्श्याने पडतात, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गावर चालतात. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २५१२ किलोजूल लागतात. २००० वॅटला २१ मिनिटं, १४९२ वॅटला २८. तुमचा अर्धा तास तिथूनच आला.

एलिमेंट ‘कमजोर’ होत नाही. ते तुटतं किंवा अर्थिंगला लागतं. क्षाराचा थर बसला तरी ते तेवढेच वॅट घेतं, फक्त आतून जास्त तापून लवकर जळतं.

मेगर:
वरच्या हिशोबात एक गोष्ट राहिली आणि तीच धोक्याची आहे. गीझर लावताच २१४ चे १९९ झाले, म्हणजे १५ व्होल्ट वाटेत गेले. १५ ÷ ७.५ = २ ओहम. वाटेत जळणारी शक्ती १५ × ७.५ = ११२ वॅट. ही उष्णता घराबाहेरच्या लाइनमध्ये जाते की तुमच्या भिंतीत, हे आधी शोधा. वायरमनला मेन स्विचवर गीझर बंद आणि चालू, असं दोनदा व्होल्टेज मोजायला सांगा. स्वतः उघड्या टर्मिनलवर जाऊ नका. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तशीच व्होल्टेजला लावली, तर थेट शॉर्ट होतो.

आणि क्लॅम्प फक्त फेजच्या वायरभोवती. पूर्ण केबलभोवती लावला तर जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो.

पारिजात:
मोजलं. मेनवर बंद असताना २१४, चालू असताना २०८.

मेगर:
मग ६ व्होल्ट बाहेर जातात आणि ९ घरात. ९ ÷ ७.५ = १.२ ओहम. तुमची वायर जाऊन-येऊन ३० मीटर. १.५ च्या तांब्याचा रोध किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास, म्हणजे ०.३६ ओहम. उरलेले ०.८४ ओहम जोडांमध्ये आहेत. ७.५ × ७.५ × ०.८४ = ४७ वॅट. यातला बराचसा एकाच सैल स्क्रूखाली असेल तर तिथे चक्क सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखं आहे.

मेन बंद करून सॉकेट, प्लग, स्विच आणि बोर्डातल्या न्यूट्रलचा जोड उघडून पाहायला सांगा. काळं पडलेलं तांबं, तपकिरी झालेलं प्लास्टिक, सैल पिना. काळं टोक कापून नवं सोला. ढिलं सॉकेट घट्ट करत बसू नका, १६ अँपिअरचं नवं घाला. वायरही २.५ ची करून घ्या. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरची असेल तर ती १.५ च्या वायरचं नीट रक्षण करत नाही. बाहेरचे ६ व्होल्ट आणि मुळातले २१४ ही वीज कंपनीकडे तक्रार करण्याची बाब.

विहीरकाठ:
याच रीतीने एक एचपीच्या सिंगल फेज पंपाचा हिशोब केला. २३० व्होल्ट, ६ अँपिअर, म्हणजे १३८० वॅट. पाटीवर ०.७५ किलोवॅट. मोटर खराब?

तांबेतार:
एवढ्यावरून नाही. पाटीवरचा आकडा शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) मिळणाऱ्या शक्तीचा असतो. आणि मोटरला व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातले खरे वॅट किती, तो हिस्सा) गुणावं लागतं. तो ०.८५ धरला तर ११७३ वॅट आत जातात. त्यातले ७५० शाफ्टवर मिळाले तर कार्यक्षमता ६४ टक्के, एवढ्या लहान मोटरला ठीक आहे. २३० ÷ ६ = ३८ ओहम हाही वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध नव्हे, मल्टिमीटरवर तो काही ओहमच येईल.

खरे वॅट हवे असतील तर बाकी सगळं बंद करून वीज मीटरचा लुकलुकणारा दिवा पाहा. मीटरवर युनिटला ३२०० लुकलुकी लिहिल्या असतील, तर १० लुकलुकींना लागलेल्या सेकंदांनी ११२५० ला भागा. एक दिवा लागल्यावर शून्यापासून मोजायला सुरुवात करा, एकपासून नको. ९.६ सेकंद आले तर ११७२ वॅट.