मदत हवी आहे: ‘पुट ऑफ’ नेमकं कसं वापरायचं?

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, एवढं ठाऊक आहे. पण ‘द स्मेल पुट मी ऑफ’ मध्ये तो अर्थ बसत नाही. शिवाय ‘पुट ऑफ इट’ चूक का? ‘कॉल ऑफ’शीही गोंधळ होतो. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
आधी शब्दक्रम पक्का करा, बहुतेक चुका तिथेच होतात. कर्म नाम असेल तर ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘दे पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतं. सर्वनाम मात्र मध्येच यायला हवं: ‘दे पुट इट ऑफ’. इथला ‘ऑफ’ पुढच्या शब्दाशी नाही, क्रियापदाशी बांधलेला आहे. उलट कर्म लांबलचक असेल तर ‘पुट ऑफ’ एकत्रच ठेवा, नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत वाचणारा अर्थ हरवून बसतो.

पुढे क्रियापद आलं तर आयएनजी रूप लागतं: ‘शी पुट ऑफ पेइंग द बिल’. ‘पुट ऑफ टू पे’ चूक. भूतकाळातही ‘पुट’च, ‘पुटेड’ नाही.

प्रतिसाद २
अर्थासाठी कर्माकडे बघा. काम किंवा कार्यक्रम असेल तर पुढे ढकलणे. माणूस असेल तर बहुधा मन उडणे: ‘द स्मेल पुट मी ऑफ’, त्या वासाने नकोसं झालं. कशावरून मन उडालं तेही जोडता येतं: ‘पुट मी ऑफ ईटिंग’. मध्ये ‘फ्रॉम’ घालू नका, ही चूक फार दिसते. यावरूनच ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण आलं.

माणसाच्या बाबतीत आणखी दोन छटा आहेत. ‘स्टॉप स्टेअरिंग, यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे माझं लक्ष विचलित होतंय. ‘ही कीप्स पुटिंग द लँडलॉर्ड ऑफ’ म्हणजे घरमालकाला आज देतो, उद्या देतो म्हणत टोलवतोय. नेमकी कुठली छटा, ते संदर्भावरूनच कळतं.

‘कॉल ऑफ’ म्हणजे सरळ रद्द. ‘द मॅच वॉज पुट ऑफ टिल फ्रायडे’ म्हटलं की सामना शुक्रवारी होणार. ‘कॉल्ड ऑफ’ म्हटलं की विषय संपला.

प्रश्नकर्ता
आभार! मग ‘त्या शिक्षकांमुळे माझं गणितावरून मनच उडालं’ हे कसं म्हणू?

प्रतिसाद २
‘दॅट टीचर पुट मी ऑफ मॅथ्स.’ कायमचंच उडालं असेल तर शेवटी ‘फॉर लाइफ’ जोडा.