मदत हवी आहे: तरुण संघातल्या मुलाशी नेमकं काय बोलू?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी नगरकडच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघ बघतो. मागच्या रविवारी उपासनेनंतर सतरंज्या घड्या करताना आमचा ढोलकीवाला पोरगा हळूच म्हणाला, दादा मला मुली नाही मुलं आवडतात, घरी कळलं तर हाकलून देतील. सतरंजीचं दुसरं टोक त्याच्या हातात, मान काय वर केली नाही. मी नुसतं "बरं, प्रार्थना करू" म्हणालो, आता वाटतंय फारच कोरडं झालं.

माझा विश्वास शास्त्राप्रमाणेच आहे, लग्न स्त्री-पुरुषाचंच, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, जो समलिंगी संबंधांना पाप म्हणतो, मला गाळता येत नाही. पण पोराला तोडायचं पण नाहीये, योहान ८ मध्ये व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला आलेले आधी निघून गेले, येशूचं "पुन्हा पाप करू नको" नंतर आलं ना. मंडळीतले एक एल्डर (वडीलधारे पुढारी) म्हणतात डॉक्टरकडून 'बरा' करून आणा. ते होणार नाही, २०२२ मध्येच नॅशनल मेडिकल कमिशनने असले उपचार गैरवर्तन ठरवलेत, आणि समलिंगी लोकांना 'बदलायचं' काम करणारी अमेरिकेतली ख्रिस्ती संस्था एक्सोडस इंटरनॅशनल तर २०१३ ला माफी मागून बंद पडली.

आता एल्डरना मी नाव न घेता विचारलेलं, पण पाळकसाहेबांना त्याला न विचारता सांगू का? ढोलकी चालू ठेवू ना? कुणी हे जवळून हाताळलं असेल तर प्लीज सांगा, नुसती वचनं नकोत, ती मला पाठ आहेत.