भाचा गाडीत नव्हता, तरी अमली पदार्थांच्या कायद्याचं (NDPS) कलम २९, म्हणजे कटाचं, लावलंय. दहा वर्षं खरंच ठरलेली का?

तापीकाठ, शिरपूर:
माझा भाचा २३ वर्षांचा. चोपड्याकडून केळीची पिकअप भरून नेतो. गेल्या महिन्यात पळासनेरजवळ भलत्याच गाडीत २२ किलो गांजा सापडला आणि त्या ड्रायव्हरने याचं नाव घेतलं. दोघांचे फोन झालेत, ते खरं. 'गाडी कोणाकडे मिळेल एवढंच सांगितलं', असं हा म्हणतो. वकील म्हणतात, कट शाबित झाला तर किमान दहा वर्षं, जजला वाटलं तरी कमी करता येत नाही. माल ज्याचा त्याला दहा आणि फोन उचलला त्यालाही दहा? बहीण रोज विचारते, "भाऊ, पोऱ्या कव्हय सुटी?" काय सांगू तिला?

जुना वकील, धुळे:
वकिलांनी खरं सांगितलंय. कलम २९ मध्ये कटाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. गांजा २० किलोपेक्षा जास्त असेल तर १० ते २० वर्षं, दंड १ ते २ लाख. २० किलो किंवा त्याच्या आत आला तर जास्तीत जास्त १० वर्षं आणि किमान काहीच नाही. तिथे जज माणूस बघून शिक्षा देऊ शकतो. म्हणून तुमची सगळी केस वरच्या दोन किलोंवर आहे. पंचनामा वाचा. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेला पाला आणि बिया त्यात धरत नाहीत. काड्या-मुळांसकट पोतं काट्यावर टाकलं असेल तर तिथेच भांडायचं. कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढले का, तेही बघा. दुसऱ्या आरोपीने पोलिसांपुढे घेतलेलं नाव पुरावा म्हणून चालत नाही. कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही चालत नाही, सुप्रीम कोर्टाचा तोफान सिंग निकाल, २०२०. मग उरतात फक्त कॉल. जामीन मात्र कलम ३७ च्या कडक अटींमुळे फार अवघड, बहिणीला खोटी आशा देऊ नका.

दोंडाईचाची ताई:
माझा धाकटा भाऊ याच गांजाने वाया गेला, त्यामुळे मला कायदा कडकच हवा. पण किलो मोजून शिक्षा देताना कोणी काय केलं हे जजला बघताच येऊ नये, हे मला पटत नाही. पेरणारा आणि पैसा लावणारा आमच्याकडे कधी पकडला गेलेला पाहिला नाही.

तापीकाठ, शिरपूर:
वकीलसाहेब, रात्री पंचनामा काढला. 'ओलसर पाला, काड्या, शेंडे असे एकत्रित, गोणीसह २२ किलो ४०० ग्रॅम.' गोणीसह लिहिलंय! सोमवारी कागद घेऊन धुळ्याला येतो.