दिवाळीआधी गाव रिकामं होतं, मग पालक सभा कुणाची घ्यायची?

बालाघाटावरची (पाटोदा तालुका, जि. बीड)

नमस्कार. थोडं लांब लिहिते, कारण दोन ओळीत सांगितलं की लोक "सभा रविवारी घ्या" एवढंच सांगून मोकळे होतात.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची पाचवीपर्यंतची शाळा आहे. पट ४३, शिक्षक दोन. यंदा जुलैत पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. मी बारावी झालेली, नवऱ्याचं गावातच पिठाच्या गिरणीचं काम, म्हणून आम्ही ऊसतोडीला जात नाही. पण समितीतल्या नऊ पालकांपैकी सहा जण दसरा झाला की टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, ते थेट पाडव्याच्या आगंमागं परत येतात. गेल्या वर्षीची सभेची वही उघडून पाहिली. नोव्हेंबर ते मार्च, प्रत्येक पानावर त्याच तीन सह्या.

सह्यांचं एक वेळ जाऊ द्या. ४३ पैकी २६ लेकरांचे आईबाप जातात, आणि गेल्या हंगामात त्यातली ११ लेकरं त्यांच्यासोबत गेली. तिसरीतली एक पोरगी आठ महिन्यांच्या भावाला सांभाळायला म्हणून नेली होती. जाताना ती धडा घडाघडा वाचायची. परत आली तेव्हा जोडाक्षरापाशी थांबून माझ्या तोंडाकडं बघायला लागली. हे मला सहन होत नाही, कारण मी स्वतः दोन हंगाम कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, काढलेत. आई पहाटे अंधारात भाकरी थापायची, मग दोघंही फडात, आणि मी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर कोपीपाशी. चुलतीनं मला गावी ठेवून घेतलं म्हणून मी शिकले. नाहीतर माझ्याही हातात कोयताच होता.

गुरुजी म्हणतात, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव करू. मी घरोघरी जाऊन बोलले. एका आजीनं विचारलं, "लेकराला रात्री ताप आला तर मी कुणाचं दार वाजवू?" मला उत्तर देता आलं नाही, तशीच उठून आले.

तर विचारायचं हे, की पालकच गावात नसतील तर पालकांची समिती चालवायची कशी? आणि आईबापांनी लेकरू मागं ठेवावं असा भरवसा त्यांना कशानं येईल? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं.

निवृत्त मुख्याध्यापक, धाराशिव

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे, फक्त ते कुणी वाचून दाखवत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. यातला 'किंवा पालक' हा शब्द महत्त्वाचा. कलम २ मध्ये त्याचा अर्थ दिलाय : मूल ज्याच्या सांभाळात आणि ताब्यात आहे ती व्यक्ती. म्हणजे सहा महिने नातवाला जेवू घालून शाळेत धाडणारी आजी ही कायद्यानं पालक आहे. तिला समितीत घ्या. ज्यांनी गावात राहायचंय त्यांचीच समिती हवी.

माझी नोकरीची बरीच वर्षं भूम-वाशी पट्ट्यात गेली. पहिली दोन वर्षं मीही दिवाळीनंतर सभा बोलवायचो आणि रिकाम्या सतरंज्या बघायचो. मग सभा पोळ्यानंतर लगेच घ्यायला लागलो. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोण कुठल्या कारखान्यावर जाणार हे ठरलेलं असतं, आणि माणसं अजून गावात असतात. त्या सभेत दर घराचं एक पान भरायचो. लेकरू कुणाजवळ राहणार, कुठं झोपणार, आईचा फोन, मुकादमाचा फोन, आजारी पडलं तर पहिलं कुणाला सांगायचं. त्या आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून आम्ही दर आळीत एक माणूस नेमला होता, ज्याच्याकडं मोटरसायकल आहे असा. त्याचं नाव सभेत सगळ्यांसमोर घेतलं की त्यालाही जबाबदारी टाळता येत नाही.

हंगामी वसतिगृहाबद्दल लोकांना समजावून सांगा, नाव ऐकून माणसं बिचकतात. लेकरू झोपतं आपल्याच घरी, आजीजवळ. सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहात, दुपारचा पोषण आहार शाळेत. ज्या म्हातारीला डोळ्यानं दिसत नाही, चुलीपुढं बसवत नाही, तिच्यावरचा स्वयंपाकाचा भार गेला की तीच नातवाला म्हणते, "ऱ्हा इथंच." हे वसतिगृह समितीनंच चालवायचं असतं, म्हणून हिशेबाची वही समितीच्या हातात ठेवा. प्रस्ताव सभा झाल्याबरोबर द्या, ट्रक भरेपर्यंत थांबू नका. एका वर्षी आमचे पैसे फार उशिरा आले. किराणा दुकानदारानं उधारीवर माल दिला, तो गावचा होता म्हणून. तेव्हापासून उधारीचा आकडा मी दर महिन्याला फळ्यावर लिहायचो. त्यामुळं कुणाला शंका घ्यायला जागा राहिली नाही.

आणि जी लेकरं जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं शाळेचं कार्ड, देऊनच पाठवा. तिकडच्या शाळेत दाखला मागितला तर कलम ५ सांगा : दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

कोयता सोडलेली (धारूर)

गुरुजींचं सगळं बरोबर हाय. पण मी बारा हंगाम केलेत, म्हणून माझंबी ऐका.

लेकरू सोबत का नेतो ते आम्हाला कुणी इचारत नाही, सगळे नुसतं 'नेऊ नका' म्हणतात. तान्हं लेकरू फडात ठेवायला जागा नसती. उसाच्या पाचटात साप निघतो, ट्रॅक्टर मागं येतो. मग थोरल्या पोरीला न्यावंच लागतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बाई घरी बसली तर उचल फिटत नाही. माझ्या नणंदेनं दोन वर्षं माझं तान्हं सांभाळलं, म्हणून माझी पोरगी शाळेत राहिली. तुमच्या समितीनं असं घर हुडकून द्यावं, जिथं आई तान्ह्याला निर्धास्त ठेवून जाईल.

दुसरी गोष्ट अवघड हाय, पण लिहिते. पोरगी सातवी-आठवीत गेली की तिला म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायला आईचा जीव धजत नाही. रात्रभर झोप लागत नाही तिकडं. मग कुणीतरी स्थळ आणतं, आणि आईबाप तोडीला जायच्या आधी उरकून टाकतात. तुमची शाळा पाचवीपर्यंत हाय, तरी पाचवीतली पोरगी दोन वर्षात तिथंच पोचती. आमच्या वस्तीवर चार आज्या एकमेकींच्या शेजारी, तर त्यांनी पाच पोरी एकाच घरात झोपवायला सुरुवात केली. बाहेरून कडी नाही, आतून. दिवा रात्रभर. एवढ्यानं तीन आया पोरींना ठेवून गेल्या. कमी वयात लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ ला, म्हंजी लेकरांच्या मदतीच्या नंबरला, फोन करा, नाव सांगायची गरज नसती.

आणि फोन. दुपारी फोन करू नका, कुणी उचलत नाही. गाडी भरून झाल्यावर, रात्री दहाच्या पुढं बाई मोकळी होती. लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून बाईंना सांगा लेकराचा आवाज भरून पाठवायला. माझ्या पोरीनं म्हटलेली कविता मी त्या हंगामात रोज ऐकायचे. बॅटरी संपायची, मग मुकादमाच्या ट्रॅक्टरला लावायचे.

लातूरकर पालक

आमच्या इंग्रजी शाळेत पालक-शिक्षक संघ आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं प्रत्येक पालक त्याचा सदस्य. पण बैठकीत फी आणि बस यापलीकडं चर्चा जात नाही. हे सगळं वाचून मी अस्वस्थ झालोय. आमच्या वर्गाच्या पालकांना तुमच्या शाळेसाठी काही करायचं असेल तर काय पाठवू? जुने कपडे, पुस्तकं?

बालाघाटावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. धारूरच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं.

लातूरकर दादा, कपडे नकोत, पुस्तकं शाळेला मिळतात. संध्याकाळी लाईट जाते तेव्हा वसतिगृहात जेवताना आणि नंतर अभ्यासाला उजेड लागतो. चार्जिंगचे चार दिवे आणि आजीलोकांसाठी एक साधा, मोठ्या बटणांचा फोन, एवढं जमलं तर सांगा. शाळेला पट ३१ ते १०० असला की वर्षाला २५,००० रुपयांचं अनुदान ठरलेलं आहे, त्यातून खडू, झाडू, दुरुस्ती होते, पण या गोष्टी त्यात बसत नाहीत.

आज सकाळी त्याच आजीकडं गेले, ताप आला तर कुणाचं दार, असं विचारणाऱ्या. समितीत येता का म्हटलं. म्हणाल्या, "मला सही येत नाही." अंगठा चालतो, मी म्हणाले. मग म्हणाल्या, "मग रातच्याला गाडी कुणाची, ते आधी लिही."

माझ्या नवऱ्याची गाडी लिहिलीये, पहिल्याच ओळीत. खालच्या आळीसाठी अजून माणूस शोधतेय. सभा पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठला. गुरुजी, तुमच्या त्या घरपानात काय काय रकाने होते ते इथंच लिहाल का? आमच्या गुरुजींना वहीत आखून घ्यायचेत.