देव न मानणारा माणूस भरवशाचा नसतो का? बहिणीच्या स्थळावरून घरात वाद चाललाय

पेठेतला_निखिल
माझ्या धाकट्या बहिणीसाठी एक स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, नोकरी बरी, घरचे लोक साधे, सगळं जुळत आलं होतं आणि मग बोलता बोलता त्याने सरळ सांगितलं की मी देव मानत नाही, पूजाअर्चा करत नाही, घरच्यांनी केली तर आडवा येत नाही. झालं, बाबांनी तिथेच विषय बंद केला. त्यांचं म्हणणं, ज्याला देवाची भीती नाही त्याला कशाचीच भीती नाही, उद्या दारू प्यायला, बाहेर लफडं केलं तर त्याला अडवणार कोण? बहिणीला मुलगा आवडलाय. मी स्वतः देवाला हात जोडणारा आहे, गणपतीत दहा दिवस घर सोडत नाही, पण बाबांचं हे काही पटत नाहीये आणि नीट उत्तरही देता येत नाहीये. चांगुलपणा देवावरच्या श्रद्धेतूनच येतो का? कुणी नीट समजावलं तर बरं होईल, भांडण नको प्लीज.

सदाशिव७७
निखिल, तू पुण्याचा दिसतोस, मग बाबांना आगरकरांचं उदाहरण दे. एमए होताना आईला पत्र लिहिलं की मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करेल अशी स्वप्नं बघू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी सगळा वेळ परहितात घालवणार आहे. आणि तसाच जगला तो माणूस. दम्याने बेजार, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, केशवपन, बालविवाह सगळ्यावर लिहिलं, लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी लिहिणं थांबवलं नाही. पुढे फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले आणि १८९५ ला चाळिशी गाठायच्या आत गेले. पाप-पुण्य, स्वर्ग-नरक यातलं काहीही न मानता. मरणानंतर काही मिळणार नाही हे पक्कं माहीत असून कुणी इतकं सोसतो तेव्हा त्याला चांगलं वागायला देवाची भीती लागत होती असं म्हणता येईल का?

माळकरी_मंगळवेढा
राम कृष्ण हरी. सदाशिवदादा, आगरकर मोठे होते, वाद नाही, पण असे हजारात एक. साध्या माणसाचं काय? आमच्या भागात मी डोळ्यांनी बघितलंय, गडी रोज संध्याकाळी पिऊन घरात धिंगाणा घालायचा, बायको माहेरी जाऊन बसलेली, आणि एकदा गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटली, मटण सुटलं, एकादशी धरायला लागला. हे डॉक्टरला जमलं नव्हतं, पोलिसाला जमलं नव्हतं. तुम्ही म्हणाल तेवढी पुस्तकं त्याला वाचून दाखवली असती तर तो सुधारला असता का? तेव्हा निखिल माऊली, वडिलांना एकदम चूक म्हणू नका, त्यांनी आयुष्यभर हेच बघितलेलं असणार. मात्र हेही सांगतो, माळ घालून काटा मारणारे दुकानदार मला माहीत आहेत. नुसत्या माळेने होत नाही. सोबत दिंडी लागते, रोजचा हरिपाठ लागतो, आणि चार माणसं विचारणारी लागतात की काय रे, काल कुठं होतास.

सुजाता_नागपूर
माळकरी दादा, जय भीम. 'साध्या माणसाचं काय' हा प्रश्न बरोबर विचारलात, त्याचं उत्तर आमच्या गावात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली, त्यात शेतमजूर होते, गिरणीतले कामगार होते, अक्षरओळख नसलेल्या बाया होत्या. त्या बावीस प्रतिज्ञा एकदा वाचून बघा. सुरुवातच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही अशी आहे, आणि त्याच यादीत पुढे चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. म्हणजे एकाच तोंडाने, एकाच दिवशी, देव नाकारला आणि सदाचार घेतला. माझी आजी विहारात पंचशील म्हणायची तेव्हा वर बसून कुणी हिशोब ठेवतंय असं तिच्या मनातही नसायचं, हे मी स्वतःहून पाळीन एवढंच. तिच्या शब्दावर अख्खी वस्ती पैसे ठेवायला द्यायची.

विंगेतला
पण ताई, बाबासाहेबांवर, बुद्धावर श्रद्धा होतीच ना? मग श्रद्धा लागतेच असं झालं.

सुजाता_नागपूर
श्रद्धा म्हणा, आदर म्हणा, माझी ना नाही. पण निखिलच्या बाबांचा प्रश्न देवाच्या भीतीचा आहे. शिक्षा करणारा कुणी नाही म्हणून माणूस सुटतो, हे खरं नाही एवढंच मी सांगतेय.

कृष्णाकाठ
मला इथे पंढरपूर आठवतं. मे १९४७, साने गुरुजी विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. गुरुजींची श्रद्धा अस्सल होती आणि तिच्यातूनच त्यांना प्राण पणाला लावायचं बळ आलं हे मी मानतो, माळकरी दादांच्या बाजूचाच मुद्दा आहे हा. पण दार बंद ठेवायला निघालेले लोकही त्याच विठ्ठलाचे भक्त होते ना! देव एक, गाव एक, आणि वागणं एकदम उलटं. मग नुसता देव मानतो की नाही यावरून माणूस कळणार कसा? माणूस उंबऱ्याबाहेर उभा आहे हे एकाला सहन होत नव्हतं आणि दुसऱ्याला होत होतं, हा फरक देवावरच्या विश्वासात नाही, दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागतं की नाही यात आहे, आणि तो आस्तिकातही असतो, नास्तिकातही.

माळकरी_मंगळवेढा
हे मान्य. मठाने जागा दिली हेही विसरू नका.

पेठेतला_निखिल
सगळ्यांचे मनापासून आभार. आगरकरांचं सांगून बघितलं, बाबा म्हणाले ते थोर लोक, आपल्याला जावई पाहिजे. तर आता मुलाला नक्की काय विचारू?

माळकरी_मंगळवेढा
त्याला काही विचारू नका, त्याच्या आसपासच्यांना विचारा. ऑफिसात हाताखालची पोरं काय म्हणतात, घरमालकाचं भाडं वेळेवर जातं का, आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात रात्री कोण थांबलं, मित्रमंडळी कसली आहेत, पिणारी का कशी. आमच्याकडे माळकऱ्याचं स्थळ आलं तरी आम्ही हेच विचारतो. आणि वडिलांना सोबत घेऊन जा, तुम्ही ऐकलेलं त्यांना पटणार नाही, त्यांच्या कानांनी ऐकू द्या.