मदत हवी: बस रात्रीत मागून डावीकडे बसते, नवीन बलून टाकूनही तेच

नमस्कार मंडळी. फोंड्याला माझी टुरिस्ट बस आहे, पुढेमागे एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी बलून. जुने गोवे, मंगेशी, दोनापावला ही रोजची भाडी, अधूनमधून अनमोड घाटाने हुबळी.

दुखणं असं, की संध्याकाळी सपाट जागी लावलेली गाडी सकाळी मागून डावीकडे झुकलेली असते. टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घातला तर उजवीकडे अख्खा पंजा उभा जातो, डावीकडे जेमतेम दोन बोटं. इंजिन चालू केलं की हळूहळू उचलते, मग दिवसभर तक्रार नाही.

मेस्त्रीने बघताक्षणी "बलून गेला" म्हणून सांगितलं. खाली पिस्टनवर (बलूनच्या बुडाची बैठक) जिथे घडी पडते तिथे बारीक तडे होतेच, म्हणून नवीन टाकला. फरक शून्य. आता म्हणतो उजवाही बदलूया. उजवी बाजू ताठ उभी असताना तिच्यावर पैसे का घालायचे?

सकाळी गाडी बसलेली असताना साबणाचं पाणी मारून बलून, एल्बो, पाइपचे जोड बघितले. एक बुडबुडा नाही. ब्रेकच्या दोन्ही गेजमध्ये हवा रात्रभर टिकते. मागे डाव्या-उजव्याचे लेव्हलिंग वाल्व्ह (बलूनमध्ये हवा भरून-सोडून गाडीची उंची राखणारे) वेगवेगळे आहेत. सरळ वाल्व्ह बदलू, की आधी तपासायची काही रीत आहे? सीझन तोंडावर आलाय.

घाटवाला:
भाऊ, उजव्या बलूनला हात लावू नका. आणि सकाळी बुडबुडे येणार कुठून? बसलेल्या बलूनमध्ये दाबच उरलेला नसतो. संध्याकाळी पॅसेंजर उतरल्यावर, हवेची टाकी भरलेली आणि गाडी पूर्ण उंचीवर असताना इंजिन बंद करून बघा. माणसं उतरली की वाल्व्ह थोडी हवा सोडतोच, तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबा. मग डाव्या वाल्व्हच्या एक्झॉस्टच्या भोकावर फेस लावा. फुगा येतच राहिला तर वाल्व्हचं आतलं सीट (हवा अडवणारी बैठक) धरत नाही. तिथे काही नसेल तर बलून, एल्बो आणि पाइप पुन्हा बघा, या वेळी दाबाखाली. चेसिसला घोडी लावल्याशिवाय मात्र खाली शिरू नका. हवा गेली की बॉडी एकदम खाली येते.

ब्रेकच्या गेजवर जाऊ नका. प्रोटेक्शन वाल्व्ह ब्रेकच्या टाक्या वेगळ्या राखतो, सस्पेन्शनची हवा सगळी गेली तरी ते काटे हलणार नाहीत.

म्हापशेकार:
वरच्यांनी सांगितलं ते बरोबर. माझा संशय पाण्यावर. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसर दमट हवाच ओढतो. हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलं की ते पाणी टाकीत, तिथून वाल्व्हमध्ये. सस्पेन्शनच्या टाकीचा ड्रेन कधी उघडलाय का? वाल्व्हला अ‍ॅक्सलशी जोडणाऱ्या लिंक रॉडची रबरी बुशही हलवून बघा, किनाऱ्यावरच्या गाड्यांत तिचा बोल्ट गंजून खेळ येतो. पण तुमची गाडी चालू असताना सरळ राहते, म्हणजे लिंकचा दोष नसावा.

धागाकर्ता:
आभारी आहे, दोघांचेही. काल संध्याकाळी बघितलं. बलून कोरडा ठणठणीत, एक्झॉस्टवर मात्र फुगा फुटला की लगेच दुसरा. उजव्या वाल्व्हवर काहीच नाही. ड्रेन उघडला तर आधी तपकिरी पाणी, मागून तेलकट फेस. मेस्त्री म्हणतो किट (आतल्या रबरी भागांचा संच) टाकून वाल्व्ह चालवू. किट घ्यावं की अख्खा वाल्व्ह?

घाटवाला:
उघडून सीट बघा. रबर झिजलंय पण धातू गुळगुळीत आहे, तर किट चालेल. पाण्याने खड्डे पडले असतील तर किट टिकणार नाही, वाल्व्हच घ्या. पण आधी ड्रायरचं कार्ट्रिज, नाहीतर नव्या वाल्व्हची तीच गत. आणि तेल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघायला लागतील, तो खर्च वेगळा. वाल्व्ह बसवल्यावर लिंक अंदाजाने आवळू देऊ नका. गाडीच्या पुस्तकात उंचीचं माप असतं, टेप लावून दोन्ही बाजूंना तेवढीच करून घ्या.

म्हापशेकार:
पाइप जोडण्याआधी हवा मारून साफ करा. आतला चिखल तसाच राहिला तर तो पहिल्याच दिवशी नव्या वाल्व्हमध्ये जाईल.