रेआल माद्रिद, पानाथिनाइकॉस, बायर्न: फुटबॉल क्लबांचे बास्केटबॉल संघ चालतात कसे?

कोपऱ्यातला_थ्री:
युरोलीग (युरोपातल्या बड्या क्लबांची बास्केटबॉल स्पर्धा) बघताना दोन गोष्टी कळत नाहीत. रेआल माद्रिद, बार्सेलोना, बायर्न, फेनेरबाचे, पानाथिनाइकॉस हे सगळे मुळात अनेक खेळांचे क्लब. मग बास्केटबॉल संघाचा खर्च फुटबॉलच्या कमाईतून भागतो का, की मालक वेगळा असतो? दुसरं म्हणजे, देशातल्या लीगमध्ये कुठेही राहिले तरी काही संघ दरवर्षी युरोलीगमध्ये दिसतातच. ते कसं?

झोन_२_३:
सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नका. बोधचिन्ह एक असलं तरी चेकवर सही कोणाची, हे आधी बघायचं.

स्पेनमध्ये १९९०च्या क्रीडा कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनी व्हायला लावलं. रेआल माद्रिद आणि बार्सेलोना त्यातून सुटले आणि सभासदांच्या मालकीचे राहिले. त्यामुळे माद्रिदचा बास्केटबॉल विभाग (स्थापना १९३१) फुटबॉलच्याच ताळेबंदात बसतो. हा विभाग तोट्यात चालतो आणि खड्डा फुटबॉल भरतं. २०२३ पर्यंत युरोपचं विजेतेपद ११ वेळा त्यांच्याकडे आलं, त्यामागे हा आधार आहे. उलट बाजूही तितकीच खरी. फुटबॉलची तिजोरी आटली की पहिली कात्री इथेच लागते. २०२३च्या उन्हाळ्यात बार्सेलोनाने पगाराचा बोजा कमी करायला आपला मोठा खेळाडू मिरोतिचला सोडलं, आणि प्रशिक्षक यासिकेविचियसही गेले. तेच यासिकेविचियस २०२५ मध्ये फेनेरबाचेला युरोलीग जिंकून देतात!

ग्रीसमध्ये चित्र उलटं. तिथे व्यावसायिक संघाची कंपनी वेगळीच असते. पानाथिनाइकॉसचं बास्केटबॉल जियानाकोपुलोस यांच्याकडे, फुटबॉल अलाफूझोस यांच्याकडे. ऑलिंपियाकॉसचं बास्केटबॉल अँगेलोपुलोस बंधूंचं, फुटबॉल मारिनाकिस यांचं. नाव, रंग आणि प्रेक्षक तेवढे सामाईक. फुटबॉल संघ चॅम्पियन्स लीगमध्ये गेला म्हणून बास्केटबॉलच्या खात्यात आपोआप काही जमा होत नाही. जर्मनीचा बायर्न या दोन टोकांच्या मधे: बास्केटबॉलची कंपनी स्वतंत्र, पण मूळ क्लबाच्या छत्राखाली.

तुर्कीच्या फेनेरबाचेने तिसरी वाट धरली, प्रायोजकाची. २००६ मध्ये उल्केर कंपनीचा संघ उल्केरस्पोर त्यांच्यात विलीन झाला आणि २०१५ पर्यंत संघाचं नावच फेनेरबाचे उल्केर होतं. आता त्या जागी बेको कंपनीचं नाव आहे.

बझर_बीटर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दीर्घकालीन लायसन्स. युरोलीग फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) नाही, क्लबांच्या कंपनीची आहे. लायसन्सधारक क्लबांची जागा देशातल्या क्रमांकावर अवलंबून नसते. टोकाचं उदाहरण ऑलिंपियाकॉसचं. २०१९ मध्ये पंचांवरच्या वादातून पानाथिनाइकॉसविरुद्ध खेळायलाच नकार दिला, म्हणून ग्रीक लीगने त्यांना खालच्या विभागात ढकललं. पुढचे दोन हंगाम तिथे राखीव संघ खेळला आणि मुख्य संघ फक्त युरोलीग.

पिक_अँड_रोल:
पैसा झाला, लायसन्स झालं. खरी डोकेदुखी खेळाडूंच्या नोंदणीत आहे.

२०२५-२६ पासून युरोलीगमध्ये २० संघ, म्हणजे साखळीचेच ३८ सामने. स्पॅनिश लीगचे ३४. एकूण ७२, आणि त्यात स्पेनमधल्या कोपा देल रे आणि सुपर कप या स्पर्धा, प्लेऑफ धरलेले नाहीत. दुहेरी आठवड्यात युरोलीगचे दोन सामने आणि रविवारी लीगचा तिसरा. एका सामन्याला १२ खेळाडू लागतात, पण एवढं ओझं पेलायला करार १५-१६ जणांशी करावे लागतात.

इथे मेख अशी की युरोलीगला राष्ट्रीयत्वाची मर्यादा नाही, देशांतर्गत लीगला आहे. स्पेनमध्ये १२ जणांच्या यादीत किमान ४ स्थानिक घडणीचे (तिथल्याच युवा संघांत तयार झालेले) हवेत आणि युरोपबाहेरचे जास्तीत जास्त २. जर्मनीत १२ पैकी ६ जर्मन. म्हणून गुरुवारी २५ मिनिटं खेळलेला अमेरिकन गार्ड रविवारी साध्या कपड्यांत बाकावर दिसला, तर तो जखमी आहे असं लगेच समजू नका. यावरची पळवाट म्हणजे दुसरा पासपोर्ट. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या, युरोपीय संघाशी कोतोनू करार झालेल्या देशांचा पासपोर्ट असेल तर स्पेनमध्ये तो खेळाडू त्या दोघांत मोजत नाहीत. एजंट बोलणी करताना हे आधीच विचारून घेतात.

चुकतं कुठे? कागद उशिरा येतात. परदेशातून येणाऱ्या खेळाडूला आधीच्या महासंघाचं मुक्तिपत्र लागतं, ते आल्याशिवाय नोंदणी नाही. पगार थकवला तर खेळाडू फिबाच्या लवादाकडे जातो. लवादाचा निकाल क्लबाने पाळला नाही की नवीन खेळाडू नोंदवायला बंदी. आणि एक: युरोपात करार बहुधा निव्वळ रकमेचे असतात, कर क्लबाने भरायचा. 'अमुक लाख युरो' वाचून अंदाज बांधू नका, क्लबाला पडणारा आकडा बराच मोठा असतो.

युवा विभागाचं गणितही फिरलंय. डॉन्चिच १३व्या वर्षी माद्रिदला आला, १६व्या वर्षी मुख्य संघात उतरला आणि २०१८ मध्ये युरोलीग जिंकून एनबीएत गेला. तिथे निदान करार मोडून जाताना क्लबाला मिळणारी करारमुक्तीची रक्कम तरी असते. आता अमेरिकन कॉलेजं पोरांना थेट पैसे देतात आणि घडवणाऱ्या क्लबाच्या हाती बऱ्याचदा काहीच पडत नाही.

कोपऱ्यातला_थ्री:
जबरदस्त माहिती, आभार. मैदानाचं काय? स्टेडियम तर फुटबॉलचं असतं.

झोन_२_३:
हॉल वेगळा. बार्सेलोनाचा पलाउ ब्लाउग्राना (१९७१) स्वतःचा. माद्रिद भाड्याने खेळतं, हॉल तिथल्या प्रादेशिक सरकारचा, आणि तारखांसाठी संगीत कार्यक्रमांशी ओढाताण. बायर्न २०२४ पासून एसएपी गार्डनमध्ये आहे, तिथे आइस हॉकीचाही संघ खेळतो.

पाचवा_फाऊल:
बर्फाच्या हॉलमध्ये सामन्यासाठी दरवेळी बर्फ वितळवत नाहीत. त्यावर उष्णतारोधक पट्ट्या अंथरतात, वर मेपल लाकडाचे सुटे भाग एकमेकांत अडकवून २८ × १५ मीटरचं कोर्ट जोडतात. पट्ट्यांत फट राहिली की खालचा गारवा वर येतो, प्रेक्षकांनी भरलेल्या हॉलमधली दमट हवा लाकडावर दव धरते आणि खेळाडू घसरतात. म्हणून आर्द्रता आधीपासूनच खाली ठेवावी लागते. ऐनवेळी टॉवेलने पुसून भागत नाही. जाहिरातींचे स्टिकर्स तर दव नसतानाही लाकडापेक्षा निसरडे, त्यावर खेळाडू कायम कुरकुरतात.

जोडणी झाली की रिंग ३.०५ मीटरवर आहे का ते दोन्ही टोकांना मोजतात, सीमारेषेबाहेर २ मीटर मोकळी जागा तपासतात, आणि सामन्याचं घड्याळ शून्यावर येताच बोर्डावरचा लाल दिवा त्याच क्षणी पेटतो का ते बघतात. हे शेवटचं तपासायचं राहिलं तर बझरच्या क्षणी सुटलेल्या शॉटचा निकाल व्हिडिओ बघूनही लागत नाही.